वेळ पाठवायची की नुसती घ्यायची? नागपूरच्या हॅमसाठी तुलना

जर्मनीहून कुणी भाच्यानं आणलेलं 'आपोआप वेळ लावणारं' घड्याळ नागपुरात भिंतीवर टांगलं की ते रात्रभर डीसीएफ७७ चा सिग्नल शोधत बसतं. फ्रँकफर्टजवळचं ते ७७.५ किलोहर्ट्झवर वेळ सांगणारं केंद्र साधारण २,००० किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येतं. आपण साडेसहा हजारांच्याही पलीकडे. मग हॅमला, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्याला सुचतं, की घरीच छोटा ट्रान्समीटर करावा.

होतो, सोपाही आहे. ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार एवढंच लागतं. दर सेकंदाच्या सुरुवातीला लहर ०.१ सेकंद दबली तर शून्य, ०.२ सेकंद दबली तर एक; मिनिटाचा शेवटचा ठोका गाळला की घड्याळाला मिनिट बदलल्याचं कळतं. माझी एक अख्खी संध्याकाळ पॅरिटीच्या, म्हणजे चूक पकडायला जोडलेल्या, एका चुकीच्या बिटनं खाल्ली: कोड दिसायला बरोबर, घड्याळ ढिम्म! जर्मन वेळेच्या जागी सरळ आपली वेळ भरायची, घड्याळाला काय कळतंय. मात्र कांडी घड्याळापासून वीतभरच ठेवा. अ‍ॅम्प्लिफायर, लांब अँटेना नको. हा पट्टा हॅम परवान्यात येत नाही, आणि हॅमला प्रसारण करायची मुभाही नाही.

पण ट्रान्समीटर वेळ तयार करत नाही, उसनी घेतो. ती कुठून घ्यायची, हा खरा प्रश्न.

इंटरनेटवरून एनटीपीनं (घड्याळं जुळवायच्या प्रोटोकॉलनं) घेतली तर घरच्या ब्रॉडबँडवर काही मिलिसेकंदांचा फरक राहतो. एफटी८ या संगणकावरून संदेश पाठवायच्या हॅम पद्धतीचे डाव १५ सेकंदांचे. तिथं घड्याळ सेकंदभराच्या आत असलं की भागतं. घरीच बसून एफटी८ करणाऱ्यानं एक रुपयाही खर्चू नये.

रामटेकच्या टेकडीवर सेट घेऊन जाणाऱ्यानं जीपीएस घ्यावं. निओ-६एम सारख्या साध्या मॉड्यूलचा पीपीएस (दर सेकंदाचा) ठोका मायक्रोसेकंदाच्याही आत असतो. खोड एकच: जीपीएसची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटंही लागू शकतात. तोवर जुनं मॉड्यूल आत साठवलेला जुना फरक धरून दोन-तीन सेकंद चुकीचं सांगतं, तेही छातीठोकपणे. म्हणून चालू केल्यावर आधी चहा घ्या.

शॉर्टवेव्हची मजा वेगळी. दिल्लीचं एटीए हे वेळेचं केंद्र बंद झालं, पण १० मेगाहर्ट्झवर चीनचं तसलंच बीपीएम इथं मिळू शकतं. सुमारे ३,३०० किलोमीटर यायला लहरीला ११ मिलिसेकंद तरी लागतात, आणि केंद्र स्वतः ठोके २० मिलिसेकंद आधी सोडतं. हा हिशेब कानाला लागत नाही, ऑसिलोस्कोपवर दिसतो. शिकायला उत्तम, पण त्याच्या भरवशावर घड्याळ चालवू नका. वळवाच्या कडकडाटात ठोका कुठला आणि वीज कुठली, कळत नाही.

तसलं जर्मन घड्याळ घरात नसेल तर ट्रान्समीटरच्या नादी लागूच नका. जीपीएसच घ्या, आणि बर्डीच्या बाजारात अँटेना घेताना पाच मीटर तारेची मागा. तीन मीटरची आमच्या गॅलरीपर्यंत पोचली नाही, आणि स्लॅबखाली एकही उपग्रह दिसत नाही.