पहिली डबी अस्सल, पुढच्या दहा बनावट

एअर रायफलचे छर्रे विकत घेणाऱ्या पालकांनी आणि नवीन नेमबाजांनी हे वाचाच. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्यपदक जिंकलं आणि आमच्या कोल्हापूर भागात घरोघरी या खेळाची चर्चा सुरू झाली. या उत्साहावर टपून बसलेले विक्रेतेही आहेत. त्यातल्या एकाने आम्हाला कसं फसवलं ते सांगतो.

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. त्याला ४.५ मिलिमीटरचे, सपाट तोंडाचे शिशाचे छर्रे लागतात. तोंड सपाट असल्यामुळे कागदावर भोक स्वच्छ गोल पडतं. पण नुसता चांगला ब्रँड घेऊन भागत नाही. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो, बॅचगणिक फरक पडतो, आणि कुठल्या बॅरलला काय मानवेल हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून एखादी बॅच जुळली की खेळाडू तिच्याच डब्या साठवून ठेवतात. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं.

“सर, नॅशनल खेळणाऱ्या शूटरकडचा माल आहे, सगळा एकाच बॅचचा. आधी एक डबी मारून बघा, पटलं तरच पुढचं बोलू.” डबी आली. रेंजवर रायफल क्लॅम्पमध्ये आवळून चाचणी घेतली, तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून गेले. कोच सरांनीही पसंती दिली. मग ५०० छर्र्यांची एक अशा दहा डब्या मागवल्या, पैसे यूपीआयने आगाऊ दिले. भाव बाजारापेक्षा किंचित कमी होता, संशय यावा इतका नाही.

त्यानंतर मुलीचा स्कोअर घसरायला लागला. या प्रकारात दहाचं वर्तुळ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा पाव मिलिमीटर बाहेर सरकला की ०.१ गुण गेलाच. सरांनी तिची उभं राहण्याची ढब बदलली, रायफलची खांद्याला टेकणारी बट प्लेट हलवली, श्वास कुठे रोखायचा ते पुन्हा शिकवलं. मधूनच एखादा नऊच्याही बाहेर जायचा आणि ती म्हणायची, “बाबा, माझा ट्रिगरच बिघडलाय.” पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण एका मेहनती पोरीला स्वतःच्या हातावर शंका घ्यायला लावली, याचा संताप मला जास्त आहे.

रेंजवरच्या एका सीनियर मुलाने डबी पांढऱ्या कागदावर ओतायला सांगितली. काही छर्र्यांचा मागचा घेर चेपलेला, काहींच्या कडेला शिशाचा बारीक कंगोरा, आणि कागदावर राखाडी भुकटी. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर एकेक छर्रा ठेवला. पहिल्या डबीतले उरलेले सगळे ०.५३ ग्रॅमच्या आसपास भरले. नव्या डब्यांतले कुठे ०.४८, कुठे ०.५५. डबीच्या तळाचं स्टिकर नखाने उचकटलं तर खाली दुसरंच, वेगळ्या मापाचं. रिकाम्या अस्सल डब्यांत हलक्या प्रतीचा माल भरून विकला होता.

फोन केला तर “उघडलेला माल परत घेत नाही” एवढं बोलून त्याने नंबर ब्लॉक केला. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक म्हणून दाद मागायची तर १९१५ हा नंबर आहे. दोन्हीकडे पावती, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि चॅट विचारतात, तेव्हा काहीही डिलीट करू नका.

नमुन्याची डबी चांगली निघाली म्हणून पुढच्या मालावर विश्वास ठेवू नका. मोठी ऑर्डर आली की पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा, प्रत्येक डबीच्या तळाचा बॅच नंबर जुळतो का पाहा, दोन-तीन डब्यांतले दहा-वीस छर्रे वजन करा आणि क्लॅम्पमधून मारून बघा. पक्कं बिल न देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका, मग तो कुठल्याही मोठ्या खेळाडूचं नाव सांगो. आणि मुलांचा स्कोअर अचानक पडला, तर त्यांना बोल लावण्याआधी डबी तपासा.

हा माणूस आता दुसऱ्या नावाने माल विकतोय. जाहिरातीत फोटो तोच आहे: निळ्या सतरंजीवर रचलेल्या डब्या, आणि एकीचाही तळ दिसत नाही.