छोट्या ऑफिससाठी आयपी फोन: ग्रँडस्ट्रीम, यीलिंक, फॅनव्हिल की जुना सिस्को?

दहा-बारा टेबलांच्या ऑफिसात इंटरनेटवरची फोन सिस्टीम टाकायची तर फिरून फिरून तीनच मॉडेल समोर येतात: ग्रँडस्ट्रीमचा जीआरपी२६०१, यीलिंकचा टी३१ आणि फॅनव्हिलचा एक्स३एस. तिन्ही साधे एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडायची सगळ्या कंपन्यांची सामाईक पद्धत) फोन आहेत, ॲस्टेरिस्क, फ्रीपीबीएक्स अशा ऑफिसातले कॉल फिरवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामुळं "आमच्या सिस्टीमला चालेल का" या प्रश्नावर फार डोकं खाजवू नका.

डोकं खाजवायचं ते मॉडेल नंबरच्या शेपटावर. जीआरपी२६०१ आणि जीआरपी२६०१पी, टी३१ आणि टी३१पी, दिसायला सेम टू सेम, पण पी असला की लॅन केबलमधूनच करंट घेतो, म्हणजे पीओई. पी नसेल तर प्रत्येक टेबलाला ॲडॉप्टर, ॲडॉप्टरला सॉकेट, सॉकेट नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड, आणि मग झाडूवाल्या मावशींचा झाडू त्यात अडकणार तो वेगळाच. शिवाय लाईट गेली की सगळे फोन बंद. पीओई स्विच (सगळ्या लॅन केबली जोडून त्यांतूनच करंट देणारा डबा), राउटर आणि फायबरचा डबा एका यूपीएसवर टाकला की लोडशेडिंगमध्येही फोन वाजत राहतात, आणि असा फोन खातो किती तर साधारण दोन-चार वॅट, त्यामुळं फार मोठा स्विच लागत नाही. माझं मत विचाराल तर फोनमध्ये पैसे वाचवा पण पी सोडू नका, फक्त पी वाल्या खोक्यात बऱ्याचदा ॲडॉप्टर येत नाही हे आधी विचारून घ्या.

आता आपसात बघायचं तर २६०१ सहसा सगळ्यात स्वस्त, दोन एसआयपी अकाउंट (म्हणजे दोन वेगळे नंबर लावता येतात), ब्लॅक-अँड-व्हाइट छोटी स्क्रीन, हेडसेटचं पोर्ट आहे, अकाउंट्स आणि गोडाउनच्या टेबलाला बास झाला. टी३१पी थोडा महाग, अकाउंट यातही दोनच, पण बटणं आणि रिसीव्हर हातात घेतल्यावर फरक कळतो आणि मेनूही सरळ आहे, दिवसभर कॉल ट्रान्सफर करणाऱ्या रिसेप्शनच्या ताईंना मी हाच देईन. एक्स३एसला कलर स्क्रीन मिळते, पीओई हवं तर एक्स३एसपी. दिसायला मस्त, पण नुसत्या कलरसाठी पैसे घालवू नका. आणि हेडसेट घेताना लक्षात ठेवा, स्वस्त फोनला आरजे९ पिनचाच (रिसीव्हरच्या वायरीला असते तशी छोटी चौकोनी पिन) लागतो, कॉम्प्युटरचा यूएसबी वाला बसत नाही.

टेबलाला एकच लॅन पॉइंट असेल आणि कॉम्प्युटर फोनच्या मागून जोडायचा असेल तर अजून एक गोम आहे. वरच्या फोनांची पोर्ट १०० एमबीपीएसची, म्हणजे ऑफिसला ३०० चा प्लॅन घेतला तरी त्या कॉम्प्युटरला १०० च्या वर काही मिळणार नाही. टॅली आणि मेलला काही फरक पडत नाही, पण मोठ्या डिझाइन फाइल सर्व्हरवरून उघडणारा माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येईल. त्याच्यासाठी गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्ट वाला, म्हणजे टी३३जी किंवा एक्स३एसजी.

एचडी आवाजाच्या जाहिरातीला भुलू नका. जी.७२२, म्हणजे आवाज जास्त स्पष्ट पाठवायची पद्धत, हल्ली सगळ्यांतच असते, पण ती दोन्ही टोकांना लागते, म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसात आवाज खणखणीत, बाहेर मोबाइलवर लावलात की बहुतेक वेळा साधा, नेहमीच्या फोनसारखा जी.७११ च. आवाज एकाच बाजूला जात असेल तर फोनला शिव्या घालण्याआधी राउटरमधलं एसआयपी एएलजी (फोन कॉलच्या डेटात ढवळाढवळ करणारं सेटिंग) बंद करून बघा.

सेकंडहँडमध्ये सिस्को ७९४०, ७९६० कवडीमोल मिळतात, दिसतात पण भारदस्त. नका घेऊ. ते मुळात सिस्कोच्याच प्रोटोकॉलवर चालतात, एसआयपी करायला वेगळं फर्मवेअर (फोनच्या आतलं सॉफ्टवेअर) टीएफटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरवरून टाकावं लागतं, आणि केबलमधून करंट घ्यायची त्यांची पद्धत सिस्कोची स्वतःची जुनी, आजच्या ८०२.३एएफ (पीओईचं ठरलेलं मानक) स्विचवर ते पेटतच नाहीत. जुनाच हवा असेल तर यीलिंक टी१९पी ई२ बघा, स्क्रीनला बॅकलाइट नाही एवढंच, खिडकीजवळच्या टेबलाला चालून जाईल.

कुठलाही घ्या, पहिल्या दिवशी ॲडमिनचा पासवर्ड बदला. ग्रँडस्ट्रीमच्या नव्या फोनांना तो पाठीमागच्या स्टिकरवर वेगवेगळा छापलेला असतो, जुन्या बऱ्याच फोनांना मात्र युजर ॲडमिन, पासवर्डही ॲडमिनच, आणि असा फोन नेटवर उघडा राहिला तर रात्रीत परदेशी कॉल लागून बिल तुमच्या नावावर येतं.