पास्ता: फोडणीचा की व्हाइट सॉसचा?

घरी पास्ता करायचा तर मी फोडणीच्याच बाजूने. तेलात लसूण-कांदा परतायचा, टोमॅटो तेल सुटेपर्यंत शिजवायचे, तिखट, चिमूटभर गरम मसाला आणि पास्ता उकडलेलं अर्धी वाटी पाणी घालायचं. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे मसाला पास्त्याला धरून राहतो, आणि डब्यातही चव टिकते.

व्हाइट सॉसला लोण्यावर तेवढाच मैदा भाजून हळूहळू दूध घालावं लागतं. गार झाला की तो घट्ट बसतो, म्हणून लगेच वाढावा. तिखट न खाणाऱ्या लहानग्यांसाठी मात्र हाच बरा.

कुठलाही करा, पण पाकीट वाचून ड्युरम गव्हाच्या रव्याचा घ्या (आपला बन्सी गहू त्याच जातीचा). मैद्याचा पास्ता चटकन गिचका होतो.