डेनॉन एक्स१८००एच : आईला संवाद ऐकू यावेत म्हणून घेतलेला रिसीव्हर

डेनॉनचा एव्हीआर-एक्स१८००एच हा सात चॅनलचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन तो सात स्पीकरांपर्यंत पोचवणारा अॅम्प्लिफायर, आम्ही घेतला तो एका कारणासाठी. रात्री आवाज कमी ठेवूनही पडद्यावरची माणसं काय बोलतायत ते आईला कळायला हवं होतं. पाऊस, स्फोट, डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर हे सगळं मलाही हवंच होतं, पण नंतर. टीव्हीच्या स्वतःच्या आवाजात तिला शब्द लागायचे नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं आणि कमी केला की बोलणं नुसतं पुटपुटणं व्हायचं. रिसीव्हर घेणाऱ्या प्रत्येकाने आधी आपलं असं एक कारण पक्कं करावं. नाहीतर खोक्यावर छापलेले आकडेच आपल्या वतीने निर्णय घेऊन टाकतात.

त्यात सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो वॉटचा आकडा. एक्स१८००एचचा अधिकृत आकडा आहे चॅनलमागे ८० वॉट: ८ ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध) स्पीकर, २० ते २०,००० हर्ट्झ, आणि दोनच चॅनल वाजत असताना. हे शेवटचं कलम नीट वाचा. सातही चॅनल एकदम जोरात वाजले तर प्रत्येकाला ८० मिळणार नाहीत, कारण आतला वीजपुरवठा एकच असतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो. बहुतेक रिसीव्हरचं असंच असतं. काही ठिकाणी याहून कितीतरी मोठा आकडा ठळक छापलेला दिसतो. तो बहुधा एकच चॅनल, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि आवाजात १० टक्के बिघाड (विकृती) धरून काढलेला असतो. दोन रिसीव्हरची तुलना करायची तर दोन्हीकडे मोजण्याच्या अटी सारख्या आहेत का ते आधी बघावं.

८० वॉट पुरतात का? हिशेब करून बघू. आमच्या स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८८. सोफा ३ मीटरवर आहे, तिथे येईपर्यंत साधारण साडेनऊ डेसिबल कमी होतात. ८० वॉट दिले की १९ डेसिबल वाढतात. म्हणजे सोफ्यावर ९७-९८, शिवाय भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाची भर वेगळी. थिएटरच्या मानकात एका चॅनलचं शिखर १०५ डेसिबल असतं. घरात आपण त्याच्या १०-१५ डेसिबल खालीच ऐकतो. तेव्हा पुरतात. आणि ८० ऐवजी १६० वॉटचा घेतला असता तर फक्त ३ डेसिबल जास्त मिळाले असते. तुमचे स्पीकर ८३-८४ डेसिबलचे असतील, ओहम कमी असतील किंवा बसायची जागा पाच मीटरवर असेल, तर मात्र हाच हिशेब उलटा जातो. तेव्हा स्पीकरच्या मागचा कागद आणि मोजपट्टी घेऊन बसा, मग रिसीव्हर शोधा.

आमचा निर्णय ठरला तो ऑडिसीमुळे. खोलीचा आवाजावर होणारा परिणाम मोजून तो दुरुस्त करणारी ही प्रणाली. खोली हीच सगळ्यात मोठी अडचण असते. एका कोपऱ्यात खर्ज घुमतो, दुसऱ्या खुर्चीवर तो गायब असतो, आणि त्या घुमण्याखाली शब्द गाडले जातात. यामाहाकडे यासाठी वायपाओ आहे, ऑंक्योच्या टीएक्स-आरझेड५० मध्ये डिराक लाइव्ह मिळतं. एक्स१८००एचमध्ये ऑडिसीची मल्टईक्यू एक्सटी ही पायरी आहे. आठ जागांवरून मोजता येतं. याच्या वरची एक्सटी३२ ही पायरी डेनॉनच्याच मोठ्या एक्स३८००एचमध्ये आहे आणि ती खर्जाच्या बाबतीत नक्कीच बारकाईने काम करते.

मोजणी कशी करता यावर सगळं अवलंबून आहे. सोबतचा छोटा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या तिपाईवर लावा. बसल्यावर कान जिथे येतात बरोबर तिथे, तोंड छताकडे. पंखे बंद, खिडक्या बंद, घरातले सगळे गप्प. पहिली जागा मुख्य श्रोत्याची, कारण स्पीकरची अंतरं आणि पातळ्या तिथूनच ठरतात. आमच्याकडे ती आईची. बाकीच्या जागा तिच्या आजूबाजूला हात-दीड हातावर. दूरच्या खुर्च्यांपर्यंत माइक नेला की दुरुस्ती सगळ्यांना थोडी थोडी मिळते आणि कुणालाच धड मिळत नाही. प्रत्येक स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा सूर येतो, दर वेळी तोच. त्या वेळी खोलीत उभं राहून नीट ऐकलं तर एखादी सैल काच किंवा कपाटाचं दार थरथरताना सापडतं. आमच्याकडे फोटोफ्रेम सापडली.

मोजणी झाल्यावर सबवूफरचं (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचं) अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं तर ते बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या रूपात दाखवतो. १ मीटर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद. मोजपट्टी लावून ते ‘खरं’ केलंत तर जुळलेली वेळ बिघडेल. पण स्पीकरच्या आकाराची नोंद जरूर तपासा. समोरचे स्पीकर मोठे म्हणून नोंदले गेले असतील तर लहान करा आणि ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे पाठवा. सबवूफरला स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. खर्जाचं ओझं उतरलं की रिसीव्हर संवादांसाठी मोकळा होतो.

फोनवरचं मल्टईक्यू एडिटर हे अॅप वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. ज्यांना संवादांची काळजी आहे त्यांनी ते घ्यावंच असं मी म्हणेन. ऑडिसी मूळ आराखड्यात २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम एक खळगा ठेवते. व्यंजनं उमटतात ती साधारण याच भागात, आणि अॅपमधून हा खळगा बंद करता येतो. मी तो बंद केला, दुरुस्ती फक्त खालच्या पट्टीपुरती ठेवली आणि सेंटर स्पीकर, म्हणजे बहुतेक संवाद ज्यातून येतात तो मधला, दीड डेसिबलने वर घेतला. ‘तो’ आणि ‘दो’ यातला फरक आईला चेहरा न बघता कळू लागला. यातलं थोडं श्रेय रिसीव्हरचं नाही हेही सांगते: सेंटर स्पीकर कप्प्यात आत ढकललेला असेल तर आधी तो काठापर्यंत पुढे ओढा आणि जरा वर, कानाकडे कलता करा. फळीवर आपटून येणारा आवाज कुठल्याही प्रणालीला पुरता निस्तरता येत नाही.

रात्रीसाठी डायनॅमिक ईक्यू. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो. ही सोय तो खर्ज आणि मागचे स्पीकर हळूच वर उचलते. सिनेमाला छान. मालिका आणि बातम्यांना मात्र ते फार होतं, म्हणून तिथे ही उचल कमी करणारी सेटिंग, रेफरन्स लेव्हल ऑफसेट, १० वर ठेवते.

सात चॅनल कसे वापरायचे हा प्रश्न आमच्याकडे सोफ्याने सोडवला. सोफा भिंतीला टेकलेला आहे, मागे स्पीकर ठेवायला जागाच नाही. म्हणून ७.१ (भोवती सात स्पीकर आणि एक सबवूफर) सोडून ५.१.२ केलं: समोर तीन, बाजूला दोन, एक सबवूफर आणि छतावर दोन. छतावरचे स्पीकर बसायच्या जागेपासून ६५ ते १०० अंशांच्या कोनात असावेत असं छतावरून येणाऱ्या आवाजाचं अॅटमॉस हे तंत्र बनवणारी डॉल्बी ही कंपनी सांगते, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच. समोरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात लावले तर पाऊस समोरच पडत राहतो.

एचडीएमआयचे सहा इनपुट आहेत, त्यातले तीन ८केचे. गेमिंग कन्सोल त्या तिघांपैकी एकालाच जोडा. टीव्हीकडून त्याच एचडीएमआय वायरने परत येणाऱ्या आवाजासाठी ईआर्क (साध्या आर्कची सुधारित सोय) आहे. टीव्हीलाही ते असेल तर ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडूनही पूर्ण दर्जाचा अॅटमॉस मिळतो. साध्या आर्कवर तो दाबलेल्या रूपातच येतो.

काय नाही तेही बघून घ्या. मुख्य चॅनलसाठी प्री-आउट (बाहेरच्या अॅम्प्लिफायरला सिग्नल देणाऱ्या जोडण्या) नाहीत, म्हणजे उद्या वेगळा अॅम्प्लिफायर जोडायचा म्हटलं तर मार्ग बंद. सबवूफरची दोन आउटपुट आहेत, पण दोन्हींतून एकच सिग्नल जातो. दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतले सबवूफर स्वतंत्रपणे जुळवता येत नाहीत. एचडीएमआय आउटपुट एकच, त्यामुळे टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्ही असणाऱ्यांची पंचाईत होईल. यातलं काहीही दोन-तीन वर्षांत लागणार असेल तर थेट एक्स३८००एच बघा: नऊ चॅनल, चार स्वतंत्र सबवूफर, तीन एचडीएमआय आउटपुट. आकाराने तो मोठा आहे, तेव्हा कप्प्याची खोली आधी मोजा आणि वर हवा खेळायला मोकळी जागा सोडा. आमचा हा लहान भाऊसुद्धा लांबलचक सिनेमानंतर चांगलाच तापतो, म्हणून त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही हा घरात नियम आहे.