टेम्पोही त्यांचा, कर्जही त्यांचंच: शोरूममधल्या फायनान्सचा आढावा

मुंबईत छोटा मालवाहू टेम्पो घ्यायला शोरूममध्ये गेलात की किमतीआधी हप्त्याचा आकडा पुढे येतो. कर्ज देणारी कंपनी अनेकदा गाडी बनवणाऱ्याच समूहाची असते. १९९१ मध्ये स्थापन झालेली महिंद्रा फायनान्स आधी समूहाच्याच गाड्यांना कर्ज देत असे, पुढे इतरांच्याही. अशी कंपनी डिबेंचर (गुंतवणूकदारांना विकलेले कर्जरोखे), बँकांची कर्जं आणि लोकांच्या मुदत ठेवींतून पैसा उभा करते, डीलरला गाडीची रक्कम चुकती करते आणि ग्राहकाकडून व्याजासह वसूल करते. कारखान्याचा माल अडकत नाही. समूहाला गाडीवर नफा मिळतो, व्याजावरही मिळतो.

सेवा म्हणून याची जमेची बाजू मोठी आहे. आयकर विवरणपत्र नसलेल्या चालकाला बँका सहसा उभं करत नाहीत, इथे त्याचं काम होतं. हप्ते थकले तर ओढून आणलेली गाडी कुठे आणि केवढ्याला विकली जाईल, याचा समूहाला चांगला अंदाज असतो. म्हणून तो ही जोखीम घेतो.

दर मात्र नीट तपासा. ८ टक्के 'फ्लॅट' असेल तर ५ लाखांवर ४ वर्षांचं व्याज १.६० लाख, हप्ता १३,७५०. घटत्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर मोजला तर हाच दर १४ टक्क्यांच्या वर जातो, कारण मुद्दल फिटत असतानाही व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५ लाखांवरच धरलेलं असतं. 'कमी व्याजा'च्या ऑफरमधला फरक कारखाना किंवा डीलर भरतो, आणि बरेचदा तुमची रोख सवलत त्यातच जिरते. रोखीचं आणि कर्जाचं, अशी दोन्ही कोटेशनं लेखी मागाच.

सहीआधी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा दर, शुल्कं आणि अटी एकत्र सांगणारा कागद, घ्या. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योग कर्जांना ते बंधनकारक केलं आहे. त्यातल्या वार्षिक दरात प्रोसेसिंग फी आणि कर्जदात्यामार्फत घेतलेला विमाही धरलेला असतो. तुलना त्याच आकड्याची करा. ते किमान ३ कामकाजाचे दिवस वैध असतं, तेव्हा 'आजच सही करा' हे ऐकू नका. आयकर विवरणपत्र असेल तर तेवढ्यात बँकेचा दर काढून या, तो बहुधा स्वस्त पडेल. दर स्थिर असेल तर मुदतीआधी फेडण्याचं शुल्कही बघून घ्या.

कर्ज फिटल्यावर एनओसी (कंपनीचं ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्ज संपल्याची सूचना) घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवा. हे राहिलं तर गाडी विकताना नाव बदलायचं काम अडतं.