अंगठ्याचं हाड: ऑपरेशन की रुंद चपला?

रामबागेतल्या आमच्या मावशींचा उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागलाय, बुडाशी लालबुंद गाठ. डॉक्टर ‘बनियन’ म्हणाले, तेव्हा काका स्वतःच्या गंजीकडे बघायला लागले! आता घरात दोन पक्ष.

ही गाठ म्हणजे वाढलेलं मांस नव्हे, अंगठ्यामागचं हाडच बाहेर सरकलेलं असतं. म्हणून रुंद पंजाची मऊ चप्पल आणि बोटांमधलं सिलिकॉनचं पॅड यांनी घासणं थांबतं, दुखणं उतरतं. अंगठा मात्र वाकडाच राहतो. रात्री बांधायचे पट्टेही मोठ्या माणसाचं हाड कायमचं सरळ करत नाहीत, जाहिरातीत काहीही दाखवोत.

ऑपरेशनमध्ये बहुधा हाड कापून जागेवर आणतात, स्क्रूने धरतात. अंगठा सरळ होतो. पण हाड जुळायला साधारण 6 आठवडे, तोवर खास बूट, आणि सूज कित्येक महिने रेंगाळते. उजवा पाय, म्हणजे गाडी चालवणंही बंद. मावशींना खर्चापेक्षा हेच जास्त लागलं. शिवाय काहींचं हाड पुन्हा सरकतं.

मावशी रात्री सराफ्यात आरामात फेरी मारून येतात, दुखतं ते लग्नातल्या टोकदार सँडलमध्ये. त्यांना चपला पुरेत. काही महिने नीट पादत्राणं वापरूनही रोज चालताना कळ येत असेल, तर ऑपरेशनचं जरूर विचारावं. मधुमेह असेल तर आधी साखर आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. नुसतं पाऊल सुंदर दिसावं म्हणून? मी तरी नको म्हणेन.