कण्यावर छापलेली शाबासकी

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांच्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’ या कवितासंग्रहाची १८५६ सालची दुसरी आवृत्ती पाहताना नजर आधी हिरव्या कापडी बांधणीच्या कण्यावर खिळते, कारण तिथे सोनेरी अक्षरांत ‘एका थोर कारकिर्दीच्या आरंभी मी तुमचे अभिनंदन करतो’ हे वाक्य आणि त्याखाली ख्यातनाम अमेरिकन विचारवंत इमर्सन यांचे नाव आहे. हे वाक्य २१ जुलै १८५५ रोजी इमर्सन यांनी व्हिटमन यांना लिहिलेल्या एका खाजगी पत्रातले असून, ते जाहीर करण्यापूर्वी व्हिटमन यांनी पत्रलेखकाची परवानगी घेतली नव्हती. मनापासून दिलेली दाद अशी जाहिरातीला जुंपणे मला पटत नाही.

तरीही पुस्तकाच्या शेवटी त्या पत्राला दिलेले दीर्घ उत्तर वाचल्यावर माझा राग बराच निवळला. रूढ पोच देऊन समाधान होईना, म्हणून या बत्तीस कविता पाठवतो आहे, असे कवी ‘मित्र आणि गुरू’ अशा संबोधनाने लिहितो. पहिल्या आवृत्तीत अवघ्या बारा कविता होत्या हे लक्षात घेतले, म्हणजे या कृतज्ञतेचे वजन कळते. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती सहज खपल्याचा त्यातला दावा मात्र खरा नव्हता. उत्तर पुढे पाल्हाळिकही होते. पण ब्रुकलिनच्या नावेतून मावळतीचे पाणी न्याहाळत पुढच्या पिढ्यांतील प्रवाशांशी बोलणारी कविता याच आवृत्तीत प्रथम आली, आणि केवळ तिच्यासाठीही मी हे पुस्तक संग्रही ठेवण्याचा आग्रह धरीन.